हिरव्या रेषेचा पुणेरी धागा

सातपुड्यातल्या तोरणमाळच्या पठारावर साध्या डिजिटल कॅमेऱ्यापुढे अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावून तेजोमेघ टिपणे ही आजची टूम वाटते. तिची मुळे मात्र एकोणिसाव्या शतकात आहेत आणि एक धागा पुण्यात सापडतो. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यातल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी १८९१च्या सुमारास मृगातल्या तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटात उलगडून त्यातली हिरवी रेषा तपासली. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तिला मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड मानत. तसे असते तर ती एका अंगाने धूसर दिसायला हवी होती. पुण्यातून ती दोन्ही अंगांनी रेखीव दिसली. लॉकियरसाहेबांचा दबदबा पाहता हे सांगायला छाती हवी. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, हे १९२७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी उलगडले.

नायगामवालांकडे फिल्टर नव्हता, मग हा आजच्या टूमेचा पूर्वज कसा, असा आक्षेप रास्तच. पण एका रेषेचा प्रकाश बाकीच्यांतून वेगळा काढणे हे तत्त्व तेच. आजचा ऑक्सिजन-फिल्टर तीच ५००.७ नॅनोमीटरची रेषा आत सोडतो. शहरी उजेड नसलेल्या सातपुड्याच्या अंधारात त्याची गरज काय? चांदणे तोरणमाळलाही पडतेच. आणि फिल्टर ऑक्सिजनचाच का? हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा साध्या कॅमेऱ्यातली काच बरीचशी अडवते, आणि उरलेली कॅमेऱ्याच्या संवेदकावरच्या दर चार टिपक्यांपैकी एकाच लाल टिपक्यावर नोंदली जाते. पुण्यात तपासलेली रेषा मात्र हिरव्या आणि निळ्या, दोन्ही टिपक्यांवर उमटते.