गिबनची तुटलेली वाट

रेल्वेचा इतिहास आपण शाळेत शिकतो तो जोडण्याचा. गावं जोडली, बाजारपेठा जोडल्या, माणसं जवळ आली. ते खोटं नाही. पण आसामातल्या जोरहाट जिल्ह्यातलं होलोंगापार जंगल पाहिलं, की मला या इतिहासाची दुसरी बाजू दिसते.

तिथे हूलॉक गिबन राहतो. गोरिला-चिंपांझींच्या गोतातला हा बिनशेपटीचा प्राणी. भारतात या गोतातला दुसरा कुणी जंगलात आढळत नाही. आपल्याकडचं काळ्या तोंडाचं वानर फांदीवर चार पायांनी चालतं, मागच्या पायांचा रेटा देऊन उडी घेतं आणि झाडं संपली की खुशाल खाली उतरून रस्ता ओलांडतं. गिबनची चाल निराळी. तो फांदीवरून नव्हे, फांदीखालून जातो. एका हाताने लोंबकळायचं, झोका घ्यायचा, त्याच वेगात दुसऱ्या हाताने पुढची फांदी धरायची. घड्याळाच्या लंबकासारखंच हे. पायांपेक्षा लांब हात, चहूकडे फिरणारा खांदा आणि आकड्यासारखी बोटं त्यासाठीच घडलेली. जमिनीवर मात्र तो हात वर धरून दोन पायांवर कसाबसा चालतो. म्हणून सहसा उतरतच नाही.

हे जंगल १८८१ मध्ये राखीव झालं. एके काळी ते पाटकाई डोंगररांगेपर्यंत सलग होतं. भोवती चहाचे मळे आणि वस्त्या वाढल्या आणि जंगलाचं बेट झालं. उरलं सुमारे २१ चौरस किलोमीटर. ब्रिटिश अमदानीत त्यातूनही लोहमार्ग गेला आणि बेटाचे दोन तुकडे झाले. हत्ती रूळ ओलांडतो, जीव धोक्यात घालून का होईना. गिबनला मात्र फांद्यांमधली ती फट भिंतीसारखी. लहान तुकड्यात अडकलेल्या कुटुंबांतल्या वयात आलेल्या पोरांनी जोडीदार शोधायला जायचं कुठे? नात्यातल्या नात्यात जोड्या जमू लागल्या, तर वंशच कमकुवत होतो.

१९९७ मध्ये इथे अभयारण्य झालं. रुळांच्या दोन्ही अंगांना झाडं लावून वर फांद्यांची कमान जुळवण्याचे प्रयत्नही झाले. मला ते फार शहाणपणाचे वाटतात. गिबनला खाली उतरायला शिकवता येणार नाही. त्याची वाट वर आहे, आणि ती आपण तोडली आहे. ती वरच सांधायला हवी.