वर्धा-प्राणहितेचा फसलेला जलमार्ग

जुन्या आदिलाबाद जिल्ह्याला, म्हणजे 2016 च्या ऑक्टोबरमध्ये त्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे होण्यापूर्वीच्या जिल्ह्याला, बहुतेक सर्व बाजूंनी नद्यांची वेस होती. पैनगंगा वढ्याजवळ वर्धेस मिळते, वर्धा व वैनगंगा यांच्या संगमानंतर प्रवाहास प्राणहिता हे नाव पडते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. या प्रवाहावरून मध्य हिंदुस्थानातील कापूस थेट बंगालच्या उपसागरावरील बंदरापर्यंत न्यावा, ही योजना एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने हाती घेतली, मोठा खर्च केला आणि शेवटी सोडून दिली.

योजनेमागील कारण व्यापारी होते. 1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांच्या हाती आले, तेव्हा हिंगणघाट व अमरावतीकडील कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून मुंबईला जात असे व वाटेत पाऊस-धुळीने खराब होत असे. दुसरीकडे अभियंते आर्थर कॉटन यांनी 1852 पर्यंत धवळेश्वरम् येथे गोदावरीवर बंधारा पूर्ण केल्याने किनाऱ्यालगतच्या त्रिभुज प्रदेशात कालव्यांतून नावा चालू लागल्या होत्या, आणि हाच मार्ग वर वर्धेपर्यंत वाढवावा असा त्यांचा आग्रह होता. 1860 च्या तहाने हैदराबादच्या निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरील सिरोंचा वगैरे तालुके इंग्रजांना दिले. पुढे अमेरिकेतील यादवीमुळे (1861-65) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, तेव्हा योजनेची निकड आणखी वाढली.

नदीची प्रकृती मात्र योजनेला अनुकूल नव्हती. दुम्मगुडेम, इंद्रावती-संगमाच्या खालचे एंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी या तीन ठिकाणी पात्रात मैलोगणती खडकांचे पट्टे आडवे येतात, आणि त्यांनाच सरकारी कागदपत्रांत पहिला, दुसरा व तिसरा अडथळा म्हटले गेले. उपाय असा ठरला की खडकांच्या वर बंधारा घालावा, बाजूने कालवा खोदावा आणि त्यावर जलपाश, म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेले हौद, बांधावेत. नाव आत आली की मागचे दार लावून पाणी वाढवावे किंवा कमी करावे, म्हणजे ती पायरी-पायरीने वरच्या किंवा खालच्या पातळीस जाईल. परंतु पावसाळ्यात ओढ इतकी जबर की भरलेली नाव प्रवाहाविरुद्ध नेणे कठीण, आणि उन्हाळ्यात पात्र ठिकठिकाणी डोहांपुरते उरत असल्याने मोठी नाव अडकून पडे. उथळ पाण्यात चालणारा स्थानिक डोंगा, म्हणजे लहान लाकडी होडी, माणसांना नदी ओलांडून देण्यास पुरत असे, गाठोड्यांच्या घाऊक वाहतुकीस नव्हे.

या काळात लोहमार्ग झपाट्याने पुढे सरकला आणि 1867 मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोहोचली, त्यामुळे नदीने वाचवायचा वेळ रुळांनीच वाचवला. 1871 मध्ये वरच्या गोदावरीवरील कामे थांबवण्यात आली. त्यानंतरही जंगलातील सागाचे ओंडके प्रवाहासोबत खाली सोडण्यासाठी ही नदी उपयोगी पडली, कारण लाकडाला उलट वर यायचे नसते.

वाहतुकीची वाट म्हणून अपुरी पडलेली नदी सीमा म्हणून मात्र टिकली, आणि तीही पूर्णपणे नव्हे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा आणि किनवट हे भाग नांदेड जिल्ह्याकडे गेले, आणि राजुरा पुढे 1959 मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. दोन्ही भाग नद्यांच्या दक्षिणेकडचे असूनही मराठी भाषकांच्या संख्येमुळे मुंबई राज्यात आले, आणि तेथे प्रांताची सीमा पात्र सोडून आत सरकली.

ऑगस्ट 2016 मध्ये महाराष्ट्र व तेलंगण यांनी मेडीगड्डा, तुमडीहेटी आणि पैनगंगेवरील चनाखा-कोरटा या बंधाऱ्यांबाबत करार केला, तेव्हा वाद जलवाहतुकीचा नसून सिंचनाचा आणि बुडीत क्षेत्राचा होता. एकोणिसाव्या शतकातील अभियंत्यांना जी गोष्ट नडली, तीच आजच्या बंधाऱ्यांचे प्रयोजन आहे: या नद्या चार महिने अमाप पाणी देतात आणि उरलेल्या आठ महिन्यांसाठी ते राखून ठेवावे लागते. साठवलेले पाणी आणि बुडणारी जमीन यांचा हिशेब दोन्ही तीरांनी एकत्र बसून केल्याशिवाय या खोऱ्यातील कोणतीही योजना टिकणार नाही.