पाटीपासून संगणकापर्यंत

१८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत आला. मुलीच्या हाती पाटी देणे हेच तेव्हा मोठे धाडस होते. १९१६ साली अण्णांनी महिला विद्यापीठ स्थापिले, त्या वेळी विद्यार्थिनी अवघ्या ५. हिंगण्याच्या त्याच मूळ संस्थेने १९९१ साली मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय उघडले. पाटीच्या जागी यंत्रशाळा व संगणक आले.

परंतु संगणक घरी नसेल तर? २०२० च्या टाळेबंदीत कॉलेजचे वर्ग मोबाईलवर भरू लागले. ज्या घरी मोबाईल एकच, तेथे आधी पाळी कुणाची? २०२४ साली महाराष्ट्र शासनाने ठराविक गटांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ केले. दार उघडले खरे. पण साधनावाचून आत गेलेली मुलगी मागेच राहावयाची.

अण्णा गावोगाव हिंडून वर्गणी जमवीत. आपणही मंडळाच्या खोलीत एक संगणक ठेवू या आणि धुणीभांडी करून लेकी शिकविणाऱ्या भगिनींच्या मुलींसाठी रोज संध्याकाळी ती खोली उघडी ठेवू या.