तिसरे चाक कुठे?

विमान चालवायला शिकणाऱ्याची खरी परीक्षा उतरताना होते. १९३०च्या दशकातील बहुतेक हलक्या विमानांना पुढे दोन मोठी चाके आणि शेपटीखाली एक छोटे चाक किंवा घसरती पट्टी असे. शिकाऊ वैमानिकाने विमान टेकवले, की ते कधी चेंडूसारखे उसळे, कधी धावता धावता गर्रकन गिरकी घेई. पंखाचे टोक घासे, चाकांचे दांडे मोडत. ठपका अर्थातच विद्यार्थ्यावर येई.

अमेरिकेतील लँगलीच्या सरकारी विमानविद्या प्रयोगशाळेतील अभियंते फ्रेड वाइक यांनी मात्र विमानाच्या रचनेकडे बोट दाखवले.

कारण शालेय भौतिकशास्त्रातलेच आहे. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. विमान जरा तिरके झाले, की चाकांवरचे घर्षण पुढचा भाग बाजूला ओढते. मागचे वजन जडत्वामुळे सरळच जाऊ पाहते. तिरकेपणा वाढतच जातो. उसळीचेही तसेच. चाके जोरात टेकली, की मागच्या वजनाने शेपटी खाली जाते, नाक वर होते, पंखांचा हवेशी होणारा कोन वाढतो आणि वाढलेली उचल विमानाला पुन्हा हवेत नेते!

हे वर्गात करून पाहा. फळीच्या एका टोकाशी दोन साधी चाके आणि दुसऱ्या टोकाशी खुर्चीखाली असते तसे एक फिरते चाक लावा. मध्ये विटेचा तुकडा ठेवा. फिरते चाक मागे ठेवून गाडी ढकलून सोडली, तर ती गिरकी घेते. तेच चाक पुढे ठेवले, तर सरळ जाते.

वाइक यांनी सहकाऱ्यांसह फावल्या वेळात बांधलेले डब्ल्यू-१ हे विमान १९३४ मध्ये उडाले. तिसरे चाक नाकाखाली होते. कल्पना जुनीच, ग्लेन कर्टिस यांच्या १९१०च्या सुमारच्या विमानांतही ती दिसते. पुढे १९५६ मध्ये सेसना कंपनीने आपल्या १७० या विमानाला असेच चाक देऊन १७२ बाजारात आणले. आपल्याकडे डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडाले, ते शेपटीच्या चाकाचे होते. १९७७ मध्ये उडालेल्या एचपीटी-३२चे चाक नाकाखाली आले.

अपघात संपले नाहीत. नाकाचे चाक आधी टेकले, तर आजही विमान उसळते. पण एकच चूक अनेक विद्यार्थी पुन्हा पुन्हा करत असतील, तर दोष फक्त त्यांचाच का, हा वाइक यांचा प्रश्न आपल्या वर्गांनाही लागू पडतो.