टकळीवरचें गणित

१९३७ सालीं नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि पंडित रविशंकर शुक्ल हे त्या प्रांताचे शिक्षणमंत्री होते. त्या वर्षीं २२ व २३ ऑक्टोबरला, नागपुराहून सुमारें ७५ किलोमीटरांवरील वर्ध्याच्या मारवाडी हायस्कुलांत, गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं देशांतील शिक्षणतज्ज्ञ जमले. शुक्लही त्यांत होते. पुस्तकावर मान वांकवून बसलेल्या मुलाचे हात शाळेंत रिकामे कां, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता.

उत्तर मुख्यतः टकळीनें द्यावयाचें होतें. सुताचें माप ठरलेलें असे: एक तार ४ फुटांची, १६० तारांची एक लटी, ६४० तारांची गुंडी. तीन लट्या व वर वीस तार कांतणाऱ्या मुलानें आपलें सूत किती फूट झालें हें काढावयाचें. म्हणजे ५०० तार, २००० फूट. गुणाकार फळ्यावरून नव्हे, बोटांतून येतो. कापूस कोणत्या मातींत पिकतो हें तर वऱ्हाडच्या पोराला नकाशांत शोधावेंही लागत नाहीं! धागा तुटला, तर पीळ कमी पडला कीं पेळू बिघडला, हें ज्याचें त्यानें पाहावयाचें. मास्तरांच्या ओरडण्यानें तो जुळत नाहीं.

परंतु मुलांच्या कामांतून शिक्षकाचा पगार निघावा, अशीही गांधीजींची अपेक्षा होती, आणि येथेंच घोडें अडलें. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनीं परिषदेंतच हरकत घेतली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें डिसेंबरांत अहवाल दिला. साडेपांच तासांच्या शाळेंत ३ तास २० मिनिटें हस्तोद्योगाला आणि ४० मिनिटें मातृभाषेला मिळालीं. मात्र योजना स्वावलंबी न ठरली तरी उत्तम शिक्षण म्हणून ती स्वीकारावी, असें समितीनें बजावलें. इशारा रास्त होता. तपासनिसाला सूत तोलतां येतें. मुलाला काय उमगलें तें तराजूंत घालतां येत नाहीं.

अभ्यासक्रम ७ ते १४ वर्षांच्या मुलांसाठीं होता; दर्जा मॅट्रिकचा, पण इंग्रजीवांचून. कचेरींतली नोकरी इंग्रजीवर मिळे, त्या काळीं ही उणीव पालकांना लहान वाटणें शक्य नव्हतें. नोव्हेंबर १९३९ मध्यें काँग्रेसचीं मंत्रिमंडळें गेलीं आणि सरकारी पाठबळही ओसरलें. पुढें जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेनें चौदा वर्षांनंतरच्या मुलांसाठीं ‘उत्तर बुनियादी’ टप्पा ठरविला. सेवाग्रामच्या शेतांत व मागावर तो चाललाही. विद्यापीठाच्या दारांत मात्र मॅट्रिकचाच दाखला मागितला जात असे.