टसर पतंग

टसर पतंग (शास्त्रीय नाव : अँथेरिया मायलिटा). सॅटर्निडी कुळातील मोठा रेशीम पतंग. मध्य व पूर्व भारतातील पानझडी जंगलांत आढळतो. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत तो ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढतो. त्याच्या कोशाला विदर्भात ‘कोसा’ म्हणतात. भंडारा जिल्ह्याच्या नावाने या पतंगाचा एक स्थानिक वाणही ओळखला जातो.

पंखांचा विस्तार सुमारे १५ सेंमी. मादी पिवळसर किंवा करडी व आकाराने मोठी, नर बहुधा विटकरी. चारही पंखांवर काचेसारखा पारदर्शक डोळा असतो. प्रौढ पतंगाचे मुखावयव निकामी असतात. तो काहीच खात नाही. अळीपणी साठवलेल्या चरबीवर जेमतेम आठवडाभर जगतो. मादीचा गंध नर आपल्या पिसांसारख्या शृंगिकांनी दुरून टिपतो. मादी दीडशे ते अडीचशे अंडी घालते.

आठ-दहा दिवसांनी बाहेर पडलेली अळी चार वेळा कात टाकते आणि महिना-सव्वा महिन्यात बोटभर जाड, हिरवीगार होते. मग फांदीला रेशमाचे कडे घालून ती त्याच्या देठावर टणक कोसा विणते. हिवाळ्याच्या तोंडाशी झालेल्या कोशातील कोषित पावसाळ्यापर्यंत निपचित राहतो. बाहेर येताना पतंग पाचक द्रवाने कोशाचे टोक मऊ करून वाट काढतो. अशा कोशातून सलग धागा निघत नाही, त्याचे सूत कातावे लागते. म्हणून धाग्यासाठीचे कोसे आधीच उन्हात किंवा वाफेने मारतात. बीजासाठीचे तेवढे राखून ठेवतात.

तुतीचा रेशीमकिडा माणसाळला, उडणे विसरला. टसर अजून रानातलाच आहे. अळ्या उघड्या झाडावर सोडाव्या लागतात आणि मुंग्या, गांधीलमाश्या, पक्षी यांच्यापासून दिवसभर राखाव्या लागतात. उझी माशी अळीवर अंडी घालते. पेब्रिन रोग तर अंड्यांतूनच पुढच्या पिढीत उतरतो. त्यामुळे मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून मिळवलेले निरोगी अंडीपुंज वापरणे अत्यावश्यक ठरते. विदर्भात हे कष्टाचे काम मुख्यतः ढिवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे, आणि त्याचे श्रेय त्यांना क्वचितच दिले जाते.

भंडारा जिल्ह्यातील आंधळगावच्या विणकरांचे कोसा कापड आणि करवतीसारख्या दातेरी काठांची करवतकाठी साडी याच धाग्याची. राज्याचे रेशीम संचालनालय नागपूरला आहे. केंद्रीय टसर संशोधन व प्रशिक्षण संस्था रांचीला. ऐन-अर्जुनाची उभी झाडे राखणे हाच या उद्योगाचा पहिला खर्च मानला पाहिजे.