वाजविणाऱ्याचा मान

१७३० साली ज्याचा पाया घातला गेला, त्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरील नगारखान्यात आज जो प्रवासी चढून जातो, तो तेथील लाकडी खांब न्याहाळतो, खाली पसरलेल्या पुण्याकडे पाहतो आणि उतरून येतो. परंतु ते दालन ज्या कार्यासाठी उभारले गेले, ते कार्य त्याच्या मनात क्वचितच येते. नौबत झडणे ही त्या काळी करमणुकीची बाब नव्हती. पालखी, अब्दागीर, चौरी आणि जरीपटका यांच्याप्रमाणेच नौबतीचा मानही सरकारातून मिळत असे, आणि तो मिळालेल्या सरदाराच्या दारी नगाऱ्यावर टिपरू पडले की त्याचा दर्जा साऱ्या मुलखाला कळत असे. रायगडावर सिंहासनाच्या चौथऱ्यासमोर नगारखान्याचा भव्य दरवाजा उभा आहे, तोही याच भावनेचा साक्षी आहे. मोठ्याने वाजविण्याचा अधिकार हे सत्तेचे चिन्ह होते. आज ज्याला आपण ‘डीजे’ म्हणतो आणि ज्याच्या नावाने दर भाद्रपदात वर्तमानपत्रांचे रकाने भरतात, त्याचा इतिहास लिहायचा झाला तर त्याचा आरंभ मला या नगारखान्यापासूनच करावासा वाटतो.

ज्याच्या दारी वाजे त्याला मान मिळे. पण ज्याच्या हातांनी वाजे त्याच्या वाट्याला काय येई? गावगाड्यात वाजविण्याचे काम जातींवर वाटून दिलेले होते. देवळातील वाद्ये गुरवाकडे, तर सनई, डफडे, हलगी ही होलार, मांग आणि महार यांच्याकडे. हलगी हे वाद्य ज्याने जवळून पाहिले असेल त्याला ठाऊक आहे की, लाकडी वा लोखंडी कड्यावर ताणून बसविलेले ते कातडे हवेतील ओलीने सैल पडते, म्हणून वाजविणारा रस्त्याच्या कडेला काटक्यांचा वा कागदांचा जाळ करून हलगी त्यावर धरतो, मधूनमधून बोटाने टिचकी मारून पाहतो, आणि नाद हवा तसा चढला म्हणजे एक आखूड जाड व एक लांब बारीक अशा दोन काड्या घेऊन उभा राहतो. हे कौशल्य एका आयुष्यात येण्यासारखे नव्हे. ते बापाकडून मुलाकडे जाई. आणि तरीही पाटलाच्या घरचे लग्न असो, बेंदराची बैलांची मिरवणूक असो की देवीची जत्रा, या कलावंताला पुढे उभे राहून वाजवावेच लागे, ते बलुत्याच्या चार पेंढ्यांवर आणि वाढलेल्या भाकरीवर. मग त्याच्याच मुलाच्या लग्नाची वरात वाजतगाजत गावच्या मधल्या आळीतून न्यायची म्हटले, तर त्या आळीत काठ्या निघत. सबंध गावासाठी वाजवावे आणि स्वतःसाठी मात्र वाजवू नये, हा त्या व्यवस्थेचा दंडक होता.

इंग्रजी अंमलात या प्रश्नाला दुसरे रूप आले. नौबतीचा मान देणारे दरबार गेले आणि त्यांच्या जागी परवाना देणारा फौजदार आला. १८९३ नंतर गणेशोत्सव सार्वजनिक रूपात वाढला, मेळे निघू लागले, आणि मशिदीसमोरून वाद्ये वाजवीत जावे की न जावे यावरून जे तंटे झाले, त्यांतून मिरवणुकीच्या मार्गांचे आणि वेळांचे हुकूम कागदावर येऊ लागले. स्वातंत्र्यानंतरच्या १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या ३३ व्या कलमातही रस्त्यावरील वाद्यवादनाचे नियमन करण्याचा अधिकार पोलिसांकडे ठेवलेला आहे. छावण्यांतील लष्करी बँडचे पितळी वाद्य आणि गोंडेदार गणवेश इंग्रजी अंमलातच शहरांच्या लग्नवरातींत उतरले.

परंतु या इतिहासातील खरा पालट कोणत्याही वाद्याने घडविला नाही. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीन मानलेली कामे टाकून देण्याचे आवाहन केले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाल्यानंतर अनेक गावांतील महार समाजाने मृत जनावरे ओढण्याबरोबरच गावापुढे वाजविणेही सोडून दिले. कित्येक ठिकाणी या नकाराबद्दल बहिष्कार सोसावा लागला. एक पिढीजात विद्या त्यामुळे हातची गेली, याची हळहळ करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, जी कला वेठीने करावी लागते ती टाकून देणे हाही कलावंताचा स्वाभिमानच असतो. पुण्यात १९२८ साली जनार्दन रणपिसे यांनी आंबेडकर जयंती सार्वजनिक रीतीने साजरी केली. पुढे १४ एप्रिल हा दिवस वस्त्यावस्त्यांचा स्वतःचा सण झाला. वामनदादा कर्डकांसारख्या कवींची गीते आधी पेटी-ढोलकीवर, मग कॅसेटवर आणि शेवटी भोंग्यावर गाजू लागली. ज्यांना आळीतून वाजत जाण्याची बंदी होती त्यांची मिरवणूक भर रस्त्यातून जाऊ लागली, तेव्हा ती मोठ्याने वाजणारच होती.

भोंगा आणि ग्रामोफोनची तबकडी घेऊन लग्नमांडवात येणारा लाउडस्पीकरवाला हा आपल्याकडचा पहिला ‘डीजे’ म्हटला पाहिजे. स्वतः न वाजविता दुसऱ्याचे वाजविलेले ऐकविणारा तोच पहिला. मुंबईच्या चाळींत आणि कोकणात बेंजो पार्टी आली. तो बेंजो मुळात १९१२ साली जपानात नागोया येथे जन्मलेल्या एका तंतुवाद्याचा वंशज. अमेरिकेत याच तबकडीवाल्याला ‘डिस्क जॉकी’ हे नाव मिळाले. जमैकातील किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत कर्ण्यांच्या भिंती रस्त्यावर मांडून नाच चालत, आणि तेथूनच आलेल्या एका तरुणाने १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात दोन तबकड्यांवरून तालाचा तुकडा लांबवीत नेण्याची युक्ती रूढ केली. तेथेही ही भिंत उभारणारे लोक शहराने कडेला लोटलेलेच होते, हे साम्य मला केवळ योगायोगाचे वाटत नाही.

आपल्याकडे ही भिंत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढली. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे तिला ‘डॉल्बी’ हे नाव पडले. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये स्थापिलेल्या कंपनीचे पहिले काम ध्वनिफितीवरील खरखर घालविण्याचे होते. ते नाव येथे कानठळ्या बसविणाऱ्या यंत्राला चिकटले. या यंत्रापुढे मी उभा राहिलो आहे. खालचा ‘बेस’ प्रथम कानाला नव्हे तर बरगड्यांना कळतो. खिडक्यांची तावदाने थरथरतात, आणि गॅलरीत बसलेला वृद्ध मनुष्य नकळत छातीवर हात ठेवतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालाने ध्वनिवर्धकांवरील रात्री दहानंतरची बंदी कायम केली, आणि २०१८ च्या गणेशोत्सवात मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनियंत्रणेच्या व्यावसायिकांना सवलत नाकारली. आजारी माणसाची आणि तान्ह्या मुलाची बाजू घेणारे हे निर्णय योग्य आहेत, असेच मी मानतो.

मात्र एक गोष्ट मला बोचते. पुण्यात मुळशी-मावळच्या पथकांनी आणलेला ढोल ज्ञान प्रबोधिनीच्या अप्पा पेंडसे यांच्या प्रेरणेने शाळकरी मुलांच्या हाती आला, पुढे सुशिक्षित तरुण-तरुणींची शेकडो पथके उभी राहिली, आणि लक्ष्मी रस्त्यावरील त्यांचा गजर हाही विहित मर्यादेच्या कितीतरी वर जातो. त्याला आपण परंपरा म्हणतो. वस्तीच्या ट्रॉलीला मात्र धिंगाणा. दोन्हींना एकच मोजमाप लावणारा मनुष्य मला अजून विरळाच भेटला आहे.

कऱ्हाडजवळच्या एका गावी अशी यंत्रणा भाड्याने देणाऱ्या विशीतल्या मुलाशी मी बोलत बसलो होतो. त्याचा आजा हलगी वाजवीत असे. त्याच्या संगणकातील बहुतेक गाण्यांखाली हलगीचाच ठेका घातलेला होता. तो त्याने टेबलावर दोन बोटांनी वाजवून दाखविला, आणि तो यंत्रापेक्षा सरस होता. मागणीची इसारत घेण्याला तोही जुन्या वाजंत्र्यांप्रमाणे सुपारी घेणे असेच म्हणतो. त्याची वही मी चाळली : लग्नसराई, जत्रा, गणपती, देवी, प्रत्येक तारखेपुढे गाव आणि सुपारीचा आकडा. १४ एप्रिलच्या पानावर गावाच्या जागी ‘आपली वस्ती’ असे लिहिले होते, आणि आकड्याची जागा त्याने कोरी ठेवली होती.